कडेला बसणारी मुलं मैदानात यावीत म्हणून : पीटीच्या तासाची नव्याने आखणी

पाचवी ते आठवीच्या एखाद्या वर्गाचा पीटीचा तास जरा लांब उभं राहून पाहा. दहा-बारा मुलं घामाघूम झालेली असतात, वीस-पंचवीस रांगेत आपला नंबर कधी येतो याची वाट बघत असतात आणि पाच-सात जण भिंतीच्या सावलीला बसलेले असतात. सावलीतल्यांना विचारलं की ठरलेली उत्तरं येतात : "सर, पोट दुखतंय", "बाई, बूट राहिले घरी". यातलीच बरीचशी मुलं शाळा सुटल्यावर गल्लीत अंधार पडेपर्यंत शिवाशिवी खेळतात. म्हणजे त्यांना खेळ नको असतो असं नाही. सगळ्यांसमोर चुकणं, धापा टाकताना दिसणं, "हा आमच्याकडे नको" हे कानावर पडणं, हे त्यांना नको असतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मुलांनी खेळावं यासाठी भाषण देऊन फारसं काही होत नाही, तासाची रचना बदलावी लागते. ती कशी बदलायची ते इथे क्रमाने लिहितो. डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडची नेहमीची शाळा : पन्नास-साठ मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांची तासिका, मैदान आणखी एका वर्गाबरोबर वाटून घेतलेलं आणि पेटीत दोन-तीन चेंडू, त्यातही एकाची हवा गेलेली.

आधी अपेक्षा ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे प्रकार करायला हवेत. पीटीच्या दोन-तीन तासिकांत हे भागणं शक्यच नाही. त्यामुळे तास संपला तेव्हा मूल किती दमलं, याला मी दुय्यम मानतो. उद्या शिक्षक समोर नसतानाही त्याला खेळावंसं वाटतंय का, याला जास्त महत्त्व आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर तपासून घ्या.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या इच्छेचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा गाभा तीन गरजांचा आहे : मला हे जमतंय असं वाटणं, निवड करायला थोडी तरी मोकळीक असणं आणि इथे मी आपल्यांत आहे असं वाटणं. भिंतीला टेकून बसलेल्या मुलाला बहुतेक वेळा या तिन्ही गोष्टी मिळालेल्या नसतात.

पहिली पायरी : दोन आठवडे नुसतं बघा

काहीही बदलण्याआधी नोंद करा. वर्गातली पाच मुलं निवडा : एक तरबेज, दोन मध्यम आणि दोन कडेला राहणारी. सहकारी शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातल्या एखाद्या विश्वासू मुलाला घड्याळ द्या आणि ही मुलं प्रत्यक्ष किती मिनिटं हालत होती, एवढंच टिपायला सांगा. हजेरी, रांग, सूचना आणि नंबर येण्याची वाट यांत किती वेळ जातो, हे आकडा समोर आल्याशिवाय आपल्याला पटत नाही. कडेच्या मुलाची मिनिटं वाढली का, हे आपल्याला पुढे वर्षभर पाहायचं आहे. म्हणून हा पहिला आकडा वहीत नीट लिहून ठेवा.

त्यानंतर चिठ्ठ्या. नाव न घालता मुलांनी तीन ओळी लिहायच्या : कोणता खेळ आवडतो, तासात कधी नकोसं वाटतं आणि काय बदललं तर बरं वाटेल. चिठ्ठ्या घरी नेऊन शांतपणे वाचा. कारणं इतकी वेगवेगळी निघतात की सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. कुणाला चष्मा फुटायची धास्ती असते. कुणाच्या पायात एकुलती एक चप्पल असते आणि ती तुटली तर घरी बोलणी बसतात. कुणाला वजनावरून टोपणनाव पडलेलं असतं. एखादी सकाळी काही न खाता शाळेत आलेली असते. "आळशी आहे" हा शेरा आपण या सगळ्यांवर सारखाच मारतो आणि तिथेच आपला शोध थांबतो.

दुसरी पायरी : चार गोष्टी आजपासून बंद

शिक्षा म्हणून पळवणं बंद. "उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या मार" असं म्हटलं की धावणं म्हणजे शिक्षा, हे त्या मुलाच्या मनात पक्कं बसतं. त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात "धावणं किती छान" हे कसं पटवणार? उठाबशांचंही तेच. आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

दोन कॅप्टननी एकेक गडी मागून घेणं बंद. शेवटी उरलेल्या मुलाला त्या दोन मिनिटांत जे कळतं ते वर्षभर पुसलं जात नाही. संघ तुम्ही पाडा. जन्ममहिन्यावरून, हजेरी क्रमांकावरून किंवा हातात दिलेल्या रंगीत फितीवरून. "एक-दोन-एक-दोन" मोजायला लावलं तर चलाख मुलं आधीच जागा बदलून घेतात, हे लक्षात असू द्या.

बाद झालेल्याला खेळ संपेपर्यंत बाहेर बसवणं बंद. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच सर्वांत आधी बाद होतो आणि सर्वांत जास्त वेळ बसून राहतो. बाद झालेल्याने झाडाला हात लावून यावं किंवा दोरीच्या दहा उड्या माराव्यात आणि पुन्हा आत यावं.

चौथी गोष्ट एकट्या पीटी शिक्षकाच्या हातात नाही, पण तिच्याबद्दल गप्प बसू नका. गणिताचा पोर्शन राहिला म्हणून पीटीचा तास देऊन टाकण्याची सवय मोडायला हवी. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांशी बोला, वेळापत्रकावर लेखी ठरवून घ्या आणि परीक्षेच्या महिन्यात निदान एक तास अजिबात हलणार नाही असं कबूल करून घ्या. मोठी माणसं ज्या विषयाचा तास सहज सोडून देतात, तो विषय बिनमहत्त्वाचा आहे हे मुलं बरोबर ओळखतात.

तिसरी पायरी : ३५ मिनिटांची आखणी

वर्ग ५६ मुलांचा धरू. सात-सात मुलांचे आठ गट करा आणि हे गट महिनाभर तेच ठेवा. प्रत्येक गटाचा प्रमुख दर आठवड्याला बदला, म्हणजे महिन्याभरात चौघांना संधी मिळते. त्यात कडेच्या मुलाचा नंबर आवर्जून लावा. हजेरी, साहित्य आणणं आणि परत नेणं ही प्रमुखाची कामं.

पहिली तीन मिनिटं मैदानात पोचण्याची. "सगळे आले का, रांगा करा" यात वेळ घालवू नका. वर्गातून निघतानाच फळ्यावर लिहिलेलं असावं : "पोचल्यावर गटात दोरी" किंवा "पोचल्यावर जोडीने झेल". जो आला तो सुरू झाला.

पुढची पाच मिनिटं शरीर तापवण्याची. हात वर, हात खाली असं आकड्यांवर चालणारं कवायतीचं रूप अधूनमधून ठीक आहे, पण रोज तेच असेल तर मुलं यंत्रासारखी हात हलवतात. त्यापेक्षा साखळी खेळा. एक जण पकडतो, पकडलेला हात धरतो, चौघांची साखळी झाली की तुटून दोन-दोनच्या दोन होतात. पाच मिनिटांत सगळ्यांचा श्वास वाढतो आणि कुणी एकटं उघडं पडत नाही.

मधली सतरा मिनिटं मुख्य खेळाची. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नंतरची सात मिनिटं मुलांच्या निवडीची. तीन पर्याय तुम्ही ठरवायचे आणि त्यातला एक त्यांनी घ्यायचा : दोरी, लगोरी किंवा मैत्रिणीबरोबर मैदानाला भरभर चालत फेऱ्या. हो, गप्पा मारत चालणं हाही पर्याय ठेवा. जी मुलगी एरवी बसूनच असते तिच्यासाठी दरवाजा बहुतेक इथूनच उघडतो.

शेवटची तीन मिनिटं संथ चालणं, दीर्घ श्वास, पाणी आणि एकच प्रश्न : आज कुठली गोष्ट आधीपेक्षा बरी जमली?

हे सगळं पहिल्या दिवशी सुरळीत होणार नाही. एक शिट्टी म्हणजे जागेवर थांबा, दोन शिट्ट्या म्हणजे गटात बसा, साहित्य कुठे ठेवायचं, गट कुठल्या जागी उभा राहणार, याचाच सराव पहिल्या दोन-तीन तासांत करून घ्या. हा वेळ वाया गेला असं वाटेल. पुढच्या प्रत्येक तासात तो परत मिळतो.

साहित्याची अडचण खरी आहे, पण तिच्यावर तोडगे आहेत. जुन्या मोज्यात चिंध्या भरून घट्ट शिवलेला चेंडू लागत नाही, म्हणून चेंडूला घाबरणारी मुलंही तो झेलायला हात पुढे करतात. सायकलच्या टाकाऊ ट्यूबच्या रिंगा होतात. पाण्याच्या बाटल्यांत अर्धी वाळू भरली की खुणा तयार. कौलाच्या किंवा फरशीच्या तुकड्यांच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या की लगोरी झाली. दोऱ्या मात्र विकत घ्या आणि प्रत्येक गटाला निदान दोन येतील एवढ्या घ्या. कमी जागेत आणि कमी पैशांत इतका व्यायाम देणारं दुसरं साहित्य मला माहीत नाही. फक्कीने आखलेले छोटे चौकोन आठवडाभर पुरतात.

चौथी पायरी : खेळ तेच, नियम आपले

खो-खो घ्या. खेळ आपला, चपळाईचा, बिनखर्चाचा. पण पूर्ण नियमांनी खेळवला तर एका वेळी आठ जण पाटीवर बसलेले, एक धावणारा आणि समोर तीन पळणारे, म्हणजे मैदानात १२ मुलं. ५६ मधली ४४ बघ्याची भूमिका घेतात. म्हणून मैदान लहान करा. पाच जण एका ओळीत आळीपाळीने तोंडं फिरवून बसलेले, एक पाठलाग करणारा, दोन पळणारे : आठ मुलांचा एक खेळ. शेजारच्या गटांतली मुलं थोडी इकडेतिकडे केली की ५६ मुलांचे सात खेळ एकाच वेळी चालतात. लांबी दहा-बारा पावलं पुरे, खांबाच्या जागी वाळूच्या बाटल्या. डाव दोन मिनिटांचा. शिवलेला गडी बाहेर जात नाही, फक्त एक गुण मोजला जातो आणि खेळ चालू राहतो. दोन मिनिटांनी भूमिका बदलायच्या.

मुलांना सांगायला एक ताजी गोष्टही आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. टीव्हीवर क्रिकेटच बघणाऱ्या पोरांना आपल्या मातीतल्या खेळाचं हे रूप माहीत असायला हवं.

लंगडीने पायाचे स्नायू, तोल आणि हाडं तिन्हींना काम मिळतं. मात्र सलग मिनिटभर लंगडी घालणं वजनदार किंवा अशक्त मुलाच्या गुडघ्याला जड जातं. एका वेळी पंधरा-वीस सेकंद, मग पाय बदल, मग दुसरा गडी, असं चक्र ठेवा. लगोरीत मोज्याचा चेंडू आणि कमरेखालीच मारायचं, हा नियम सक्तीचा. आट्यापाट्यांना तर काहीच साहित्य लागत नाही. रेघा मारल्या की झालं. चेंडू हाताळायची भीती असलेली मुलं तिथे हुलकावण्या देण्यात पुढे निघतात.

जड शरीराच्या मुलाला त्याच्या शरीराचा उपयोग होईल असे खेळ मुद्दाम निवडा. रस्सीखेचीत शेवटचा गडी तोच असतो. कबड्डीत पकड करताना त्याचा हात सुटत नाही. वर्गातल्या सगळ्यांनी "याला आमच्यात द्या" म्हणावं, असा प्रसंग वर्षातून काही वेळा तरी त्याच्या वाट्याला यायलाच हवा. तो आपोआप येत नाही, आपण आणावा लागतो.

आणि लेझीम. माझा या प्रकारावर विशेष जीव आहे. हलगी-ढोलाचा ठेका सुरू झाला की एरवी जागचं न हलणारं मूलही पाय आपटू लागतं. त्यात कुणी हरत नाही, कुणी बाद होत नाही, चुकलं तरी शेजाऱ्याकडे बघून पुढच्या ठेक्याला सामील होता येतं. वाकणं, बसणं, उडी, पवित्रा हे सगळं पंधरा-वीस मिनिटं सलग होतं तेव्हा तो चांगलाच दमसास वाढवणारा व्यायाम असतो. गणेशोत्सवाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर लेझीम काढायची आणि मग वर्षभर कपाटात बंद, ही पद्धत सोडा. महिन्यातून दोन तास लेझमीला ठेवा. स्पर्धा नकोशी वाटणाऱ्या मुलांसाठी लेझीम, योगासनं, दोरी आणि जिथे सोय असेल तिथे दोरीचा मल्लखांब, हा मुख्य रस्ता आहे. त्याला कमी लेखू नका.

पाचवी पायरी : प्रत्येक कृतीला तीन पायऱ्या

दंड काढायचे असतील तर पहिली पायरी भिंतीला हात टेकून, दुसरी बाकाला, तिसरी जमिनीवर. दोरीची पहिली पायरी जमिनीवर ठेवलेल्या दोरीवरून उड्या, दुसरी दोघांनी झुलवलेल्या दोरीवरून, तिसरी स्वतः फिरवून. झेल घ्यायचा तर तीन पावलांवरून, सहा पावलांवरून किंवा पळत. कुठल्या पायरीवर उभं राहायचं हे मुलाने ठरवायचं. त्यांना एकच कसोटी सांगा : दहापैकी साधारण सात वेळा जमतं ती पायरी तुझी. दहाच्या दहा जमायला लागलं की वर जा, तीनच जमत असेल तर खाली ये. खाली येणाऱ्याला कुणी हसलं तर खेळ तिथेच थांबवा आणि स्पष्ट बोला. याबाबत तुमची एकदा दिसलेली ढिलाई मुलं लक्षात ठेवतात.

सहावी पायरी : शब्द आणि मोजमाप

"शाब्बास" सगळ्यांनाच म्हटलं की ते कुणालाच म्हटल्यासारखं होत नाही. "आज चेंडू येताना डोळे मिटले नाहीस, म्हणून झेल आला" हे वाक्य मुलाला पुढच्या वेळी काय करायचं ते सांगतं. चुकणाऱ्याला सर्वांसमोर दुरुस्त करू नका. शेजारी जाऊन हळू आवाजात एकच गोष्ट सांगा. सुधारणेसाठी तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. "बघ, ती कशी पळते" हे वाक्य पूर्णपणे वर्ज्य करा.

बक्षिसांबाबत सावध राहा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेला एक जुना प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना "चित्र काढलंस तर बक्षीस" असं आधीच सांगितलं, तेव्हा नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. मैदानात आल्याबद्दल चॉकलेट देऊ नका. गटाने मनापासून खेळ केला तर पुढच्या तासाचा खेळ त्यांना निवडू द्या. तो मान मुलांना पुरतो.

खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत मोठ्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम आणि दंड असे प्रकार असतात. पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनाबरोबर एका पायावर तोल आणि हाताची चपळाई तपासतात. चाचणी उपयोगी आहे, पण ती घेण्याची पद्धत मुलाला कायमची दूर ढकलू शकते. वजन पडद्याआड किंवा खोलीत एकेकट्याचं घ्या आणि आकडा मोठ्याने वाचू नका. वजन लिहून घेण्याचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याला कधीही देऊ नका. ६०० मीटरला पाच-सहा जणांचे गट सोडा आणि पुढचा गट पहिला गट पूर्ण होण्याआधीच सोडा, म्हणजे शेवटचा कोण ते कुणाला कळत नाही. निकालाच्या कार्डावर दोनच रकाने हवेत : जूनमधला माझा आकडा आणि डिसेंबरमधला माझा आकडा.

मुलींच्या बाबतीत वेगळं लक्ष

सातवीनंतर मैदानात येणाऱ्या मुलींची संख्या कमी होत जाते, याची कारणं बहुतेक वेळा अगदी व्यवहारातली असतात. पीटीच्या दिवशी घरूनच ट्रॅकपँट आणि सैल टी-शर्ट घालून यायला परवानगी द्या. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर मुख्याध्यापकांकडे पहिली मागणी तीच करा, चेंडू नंतर. मैदानाच्या कठड्यावर मोठी मुलं उभी राहून शेरेबाजी करत असतील तर ती जागा रिकामी करवून घ्या. पाळीच्या दिवसांत खेळलं तर अपाय होतो, ही समजूत चुकीची आहे. उलट हलक्या हालचालीने अनेकींचं दुखणं कमी होतं. तरीही त्या दिवशी काय आणि किती करायचं ते मुलीने ठरवावं. "बाई, आज मी चालते" एवढं म्हटलेलं पुरे व्हावं, कारण विचारू नये. शिक्षक पुरुष असतील तर हे सांगण्यासाठी एका बाईंचं नाव ठरवून द्या.

रक्तक्षयाचा विचार तर आधी करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणारी, थोडं पळून खाली बसणारी मुलगी कामचुकार आहे असं ठरवण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासलेलं आहे का ते बघा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मुली खरंच गिळतात की खिडकीतून टाकतात, तेही पाहा. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग सगळा वर्ग नको म्हणतो. शालेय पोषण आहारानंतर द्यावी, आगेमागे तासभर चहा टाळावा.

दम्याच्या मुलाला कायमचं बाहेर बसवू नका. डॉक्टरांचा सल्ला लेखी घ्या, इनहेलर दप्तरात न ठेवता मैदानात हाताशी ठेवा आणि शरीर तापवण्याचा वेळ वाढवा. अपंगत्व असलेल्या मुलाला पंच किंवा गुणलेखक करून सोडून देणं सोपं असतं. त्याऐवजी त्यालाच विचारा की कोणता नियम बदलला तर तू खेळू शकशील. मुलं स्वतः फार छान नियम सुचवतात. मार्चपासून पुढे तास सकाळी घ्या. कुणाला भोवळ आली तर सावली, सैल कपडे, ओलं फडकं आणि शुद्धीवर असेल तरच पाणी. असंबद्ध बोलू लागलं तर थेट १०८ ला फोन.

सवयी : एका वेळी एकच

आता शाळेबाहेरचं. "फळं खा, लवकर झोपा, मोबाइल बघू नका, व्यायाम करा" अशी यादी भिंतीवर लावून काही बदलत नाही. वर्गाने मिळून एका सत्रात एकच सवय निवडावी आणि ती आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधावी. "रोज व्यायाम करीन" हे ठरवणं फार ढोबळ आहे. "घरी येऊन दप्तर ठेवलं की दोरीच्या ५० उड्या" हे घडतं, कारण दप्तर रोज ठेवलं जातंच.

लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे. तो मोठ्यांवर केलेला होता. नवी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण व्यक्तिगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मुलांना हे आवर्जून सांगा. एक दिवस राहिला की "आता काय उपयोग" म्हणून सोडून देणारी मुलं पुष्कळ असतात. वर्गातल्या तक्त्यावर कुणाच्या नावापुढे किती खुणा असं लावू नका. प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याची त्याने खूण करावी, खोटी केली तरी चालेल. पोलिसगिरी सुरू झाली की सवय शिक्षकाची होते, मुलाची राहत नाही.

पहिल्या सत्रासाठी मी झोप सुचवेन. ६ ते १२ वयाला रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सातची शाळा असलेला सहावीतला मुलगा रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलवर असेल तर पीटीच्या तासाला तो सावलीत बसणारच. घरातले सगळे फोन रात्री नऊला एका टोपलीत, आईबाबांचेसुद्धा, एवढा एकच नियम करून पाहायला पालकांना सांगा.

दुसऱ्या सत्रात डबा. इथे महागड्या सल्ल्याची गरज नाही. भाकरी किंवा चपातीबरोबर उसळ, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, नाचणीचं सत्त्व, यातलं काहीतरी बहुतेक घरांत परवडतं. मुलांना उपदेशापेक्षा हिशेब पटतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीवरचा तक्ता त्यांच्याकडूनच वाचून घ्या. १०० मिलिलिटरमध्ये १०-११ ग्रॅम साखर म्हणजे ३०० मिलिलिटरला साधारण आठ चमचे. ते आठ चमचे ग्लासभर पाण्यात वर्गासमोर मोजून घाला. शाळेसाठीही एक गोष्ट : अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याला उकडलेले शेंगदाणे, चणे, काकडी, पेरू ठेवायला सांगा आणि पालकसभेत त्याची शिफारस करा.

पालकसभेत "खेळून काय होणार, मार्क कोण देणार?" हा प्रश्न हमखास येतो. तिथे ऑलिंपिकची उदाहरणं देऊ नका. खाशाबा जाधवांचं १९५२ चं कांस्यपदक आपल्या सगळ्यांना अभिमानाचं आहे, पण आपलं मूल खाशाबा होणार नाही हे पालकांना माहीत असतं आणि मग ते खेळ सोडून देणंच शहाणपणाचं मानतात. त्यांना त्यांच्याच मुलाचं कार्ड दाखवा : जूनमध्ये ६०० मीटर चालत केलेलं, डिसेंबरमध्ये न थांबता पळत केलेलं. आणि मागणी छोटी ठेवा. संध्याकाळी ट्यूशनच्या आधी अर्धा तास मोकळा सोडा, एवढीच.

पावसाळ्यात तास वर्गात कोंबू नका. व्हरांड्यात सूर्यनमस्कार, दोरी, जागेवर लेझमीचे ठेके, तळ्यात-मळ्यात हे सगळं होतं. फक्त फरशी ओली नाही ना ते बघा.

डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच पाच मुलांची मिनिटं मोजा. तरबेज मुलाचा आकडा फार बदललेला नसेल, त्याची काळजी नको. कडेच्या दोघांचा आकडा पाहा. तो वाढलेला नसेल तर त्या दोघांशी परत बोला आणि जानेवारीतल्या तासांची आखणी त्यांच्या उत्तरावरून करा. वाढला असेल तर आता आणखी दोन नावं निवडा. आणि मधल्या सुट्टीत साहित्याची पेटी उघडी ठेवायला सुरुवात करा. किल्ली गटप्रमुखाकडे, नोंद वहीत. पहिल्या आठवड्यात एखादी दोरी हरवेल. ती हरवली म्हणून पेटीला पुन्हा कुलूप लावू नका.